चांद्याचा परकोट

चांद्याचा परकोट आपण रोज पाहतो. त्याच्याकडे लक्ष मात्र कोणी देत नसे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने शहर वसवून त्याचा पाया घातला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे त्याचे चार दरवाजे. १८१८ साली इंग्रजांनी तोफा लावून तो जिंकला. पण पुढे त्याची दैना केली ती आपणच. खरे सांगते, माझ्या घरचा केरदेखील कोटाच्या पायथ्याशीच जाई. चिऱ्यांच्या फटींतून झाडे वाढली, बुरूज दिसेनासे झाले.

१ मार्च २०१७ रोजी बंडू धोत्रे यांच्या इको-प्रो संस्थेची मुले कुदळ-फावडी घेऊन आली. चार दिवसांची हौस, असे मी घरात म्हणाले. परंतु चांद्याच्या उन्हातही ती थांबली नाहीत. दोनशेहून अधिक दिवस हे काम चालले, आणि २९ ऑक्टोबर २०१७ ला पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये त्याचा गौरव केला. तटावरून आता फिरता येऊ लागले.

मी एकदा चहाची किटली घेऊन गेले होते. फावडे काही हाती धरले नाही, हेही येथे लिहून ठेवते. केर तेवढा तेव्हापासून घंटागाडीत टाकते.