मागं राहिलेलं पिल्लू

१९७२ च्या दुष्काळाचा विषय निघाला की आमच्या वयाची माणसं खडी फोडल्याचं सांगतात, मिलोच्या लाल भाकरीचं सांगतात, सुकडीचं सांगतात. मीही ते सगळं पाहिलंय, खाल्लंय. पण मला आधी आठवतो तो आमचा कंदील आणि त्याच्या शेजारचा डालड्याचा रिकामा डबा.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. बाहत्तरचा पाऊस दगा देऊन गेला, आणि त्र्याहत्तरच्या शिमग्याला विहिरीत घागर बुडंना. आई-आबा दोघंही पाझर तलावाच्या कामावर. रोजगार हमीचा कायदा पुढं १९७७ ला झाला. तेव्हा नुसतं 'दुष्काळी काम' म्हणायचे. घरी मी, वय नऊ, आणि आजी. तिला आम्ही सगळे 'आये' म्हणायचो.

रान आबांच्या नावावर, बैल आबांचे. कोंबड्या मात्र आयेच्या. मीठ-मिरची, माझी पाटी-पेन्सिल, कुणाच्या बारशाचं खण, हे सगळं अंड्यांवर निघायचं. बाजाराच्या दिवशी धान्यात ठेवलेली अंडी पाटीत घेऊन ती जायची. दुष्काळाच्या इतिहासात पाझर तलाव किती झाले ते सापडतं. बायकांच्या या पैशाला कुणी मोजलेलं नाही.

त्या शिमग्याला तांबडी खुडूक झाली. आयेनं पाटीत भुसा घातला, अकरा अंडी मांडली, कडेला कोळसा आणि लोखंडाचा तुकडा ठेवला. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. एक अंडं नासकं. अकराव्याला नुसतं भोक पडलेलं आणि आतून बारीक चिवचिव. बाविसाव्या दिवशी तांबडी नऊ पिल्लं घेऊन अंगणात उतरली. मी ते टरफल सोलायला गेलो तर आयेनं हातावर चापट मारली.

"सोलू नगं. आत शिरा असत्यात, रगत यील. त्येचं त्येला येऊ दे."

ओलसर कोमट फडकं तेवढं तिनं अंड्याभोवती धरलं. दिवस मावळताना ते बाहेर आलं. ओलंचिंब, एक पाय फताडा पडलेला, मान धरता येईना. मी कण्या घेऊन धावलो. आये म्हणाली, "आज नगं. त्येच्या पोटात शिदोरी हाय." पुढं पुस्तकात वाचलं की पिल्लू बाहेर यायच्या आधी उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस निघतात. आयेला शाळेचा उंबरा ठाऊक नव्हता.

त्याला खरी गरज होती उबेची. पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. कोंबडीच्या पंखाखाली ती फुकट मिळते. तांबडी तर याला टोचायलाच लागली. मग डालड्याच्या डब्यात जुन्या लुगड्याचा बोळा घातला आणि रात्री शेजारी कंदील, वात बारीक करून. पिल्लू कंदिलाला चिकटून ओरडायला लागलं की थंडी, लांब सरकून चोच वासून बसलं की ताप जास्त, एवढंच मोजमाप. तिसऱ्या दिवशी त्याचं बूड विष्ठेनं बंद झालं. असं पिल्लू कुंथून मरतं. आयेनं वाटीभर कोमट पाण्यात फडकं भिजवून हळूहळू सोडवलं. चोचीला बोटानं गुळाचं पाणी लावायची. मिलो वरवंट्यानं बारीक करून चिमूटभर. मी वाळवी शोधत फिरायचो. ओलच नव्हती, तर वाळवी कुठली! शेणाच्या गवरीखाली चार मिळाल्या तरी सण.

एका रात्री आबा भडकले. कामावरून हात सोलून आलेले. "माणसाला रॉकेल न्हाई, आन् कोंबडीला कंदील?" त्यांचंही चुकलं नव्हतं. रॉकेल रेशनवर, आणि ते पुरायचं नाही.

आये बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मानमोडीत मला असंच कोपऱ्यात टाकलं हुतं. आय गेली, दोन भाऊ गेलं. शेजारची काकू गुळाचं पानी पाजायची. तिला बी कुनीतरी म्हनलंच आसंल, जगत न्हाई ती पोर म्हनून."

ती १९१८ ची साथ, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आलेली. जहाजांबरोबर मुंबईत उतरली आणि आतल्या खेड्यांपर्यंत पोचली. देशात एक कोटीहून जास्त माणसं मेल्याचा अंदाज आहे. त्याही साली पाऊस नव्हताच. आये तेव्हा दहा वर्षांची. आबांनी हे कधी ऐकलेलं नव्हतं, आम्हीही नाही. कंदील राहिला.

पंधरा-वीस दिवसांनी कोंबड्यांची मानमोडी आली. शब्द तोच. दवाखान्याच्या भाषेत राणीखेत. कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतवरून आलेलं नाव. कोंबडी पेंगते, हिरवट हगते, मान पिळवटून फिरते, संपते. तांबडी गेली, नऊच्या नऊ पिल्लं गेली, आळीत खुराडी ओस पडली. डब्यातलं तेवढं राहिलं. आयेनं मला बजावलं होतं, बाहेरच्या कोंबडीला शिवून आत यायचं नाही. हात धुवायला पाणी कुठलं. राखेनं चोळायला लावायची. आता डोळ्यात लशीचा थेंब टाकतात, तेव्हा आमच्या आळीत राख होती.

पिल्लू वाढायला मात्र भलतंच आळशी. दोन महिन्यांचं झालं तरी मुठीत मावायचं. फताडा पाय आयेनं लुगड्याच्या दशीनं दुसऱ्याला सैल बांधून ठेवला होता, तो सरळ झाला, पण चाल कायमची थोडी तिरपीच. बायका हसायच्या, "हे कोंबडीचं हाय का चिमनीचं?"

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. दिवाळीनंतर त्या तलंगेनं कंदिलाच्या कोनाड्याखाली पहिलं अंडं घातलं, बोराएवढं म्हणावं असं. मी उकडून मागितलं. आयेनं दिलं नाही. पुढची सात तिनं ज्वारीत जपली. वरच्या आळीत एक कोंबडा वाचला होता आणि तिथलीच एक कोंबडी खुडूक बसली होती. तिच्याखाली अर्धेलीनं ती अंडी घालायला आये स्वतः गेली, पदराखाली पाटी झाकून, आणि येताना आबांना म्हणाली, "रॉकेल आना. कंदील रिकामा हाय."