एअर मॅक्सच्या सावलीत राहिलेले रेट्रो शूज : डीएमएक्स, सेल आणि वेव्ह

टाचेत पारदर्शक खिडकी असलेले जुन्या स्टाइलचे रनिंग शूज म्हटलं की नाव एकच येतं, नायकीचं एअर मॅक्स. हवेची पिशवी नायकीच्या बुटांत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून होतीच, पण सोलच्या आत दडलेली. १९८७ मध्ये डिझायनर टिंकर हॅटफिल्ड यांनी सोलला खिडकीच पाडली. कल्पना सुचली पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरवरून. त्या इमारतीचे पाइप बाहेरून दिसतात, तशी बुटातली हवा दिसायला लागली. डोळ्यांना दिसतंय म्हटल्यावर गिऱ्हाइकाला वेगळं पटवायची गरजच काय?

मग इतर कंपन्यांनाही काहीतरी दाखवायचं होतं. यात सगळ्यात डोकं लावलं रिबॉकनं. १९९७ च्या डीएमएक्स रन १० मध्ये हवेचे १० कप्पे एकमेकांना जोडलेले होते. टाच टेकली की तिथली हवा पुढच्या कप्प्यांत सरकायची, भार पुढे गेला की परत मागे यायची. नायकीची हवा जागच्या जागी कोंडलेली, ही पावलाबरोबर फिरणारी.

प्युमानं १९९८ मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षटकोनी कप्प्यांचं ‘सेल’ आणलं. मिझुनोनं हवेचा नादच केला नाही. सोलमध्ये छपराच्या पत्र्यासारखी नागमोडी पट्टी घातली, नाव दिलं ‘वेव्ह’. गंमत म्हणजे डीएमएक्स आणि सेल आता फॅशनपुरते उरलेत, पण वेव्ह रायडर घालून लोक आजही मॅरेथॉन पळतात.

हे बूट सेकंड हँड घ्यायचा विचार असेल, तर जोडी त्या काळातली आहे की कंपनीनं नव्यानं काढलेली, हे आधी विचारा. जुन्या बऱ्याच बुटांचा मिडसोल, म्हणजे तळव्याखालचा फोमचा थर, पॉलियुरेथेनचा असायचा. हवेतला ओलावा हे रसायन हळूहळू तोडतो. वरून बूट कोराकरकरीत दिसतो आणि चार पावलांत सोलचा भुगा होतो. खोक्यातून कधीच बाहेर न काढलेली जोडीसुद्धा यातून सुटत नाही. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत तर हे आणखी लवकर होतं.

मिडसोल अंगठ्यानं दाबून बघा. चिकट लागला, भेगा पडल्या किंवा पावडर सुटली तर ती जोडी फक्त शोकेसमध्ये ठेवायची. ऑनलाइन घेताना दाबून बघता येत नाही, म्हणून बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलचा फोटो मागवा. बहुतेक वेळा उत्पादनाची तारीख तिथेच छापलेली असते.