झिजलेल्या इंजिनाची नाडीपरीक्षा

‘गाडी ऑइल खायला लागली, इंजिनाचे काम निघाले,’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी गॅरेजच्या दारात कधी ना कधी ऐकलेले असते. पण ‘काम निघाले’ म्हणजे नेमके काय? आत कोणता भाग, कुठे आणि कशामुळे झिजला, हे इंजिन न उघडता कसे कळते? हे प्रश्न वरवर मिस्त्रीचे वाटले तरी त्यांची उत्तरे शोधण्याची रीत विज्ञानाचीच आहे. ती समजून घेण्यासाठी आम्ही एका जुन्या स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन निवडले आहे. त्याची जन्मकथाही गमतीची आहे.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात स्टँडर्ड मोटर कंपनी होती. १९४७ मध्ये तिने व्हॅनगार्ड ही साधी कौटुंबिक मोटार जाहीर केली. त्याच घराण्याचे चार सिलिंडरचे इंजिन या कंपनीने बनवलेल्या फर्ग्युसन टीई-२० या ट्रॅक्टरलाही बसवले गेले. पुढे कंपनीला ट्रायम्फ या नावाने स्वस्त स्पोर्ट्स मोटार काढायची होती. नवे इंजिन घडवण्याऐवजी तिने हेच हाताशी घेतले, आणि १९५३ मध्ये ट्रायम्फ टीआर-२ जन्माला आली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बेल्जियममधील जाबेके येथे, वाऱ्याचा रोध कमी करण्यासाठी थोडे फेरफार केलेली टीआर-२ ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने धावली. नांगर ओढणाऱ्या इंजिनाचा हा सख्खा भाऊ!

हे जमले कसे? त्याचे एक कारण ब्लॉकच्या रचनेत आहे. पुष्कळ इंजिनांत सिलिंडर ब्लॉकच्या धातूतच कोरलेला असतो. येथे मात्र ब्लॉकमध्ये चार सुटी नळकांडी, म्हणजे लायनर, बसवलेले होते आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला थेट थंड करणारे पाणी लागत असे. म्हणून त्यांना ‘ओले लायनर’ म्हणतात. लायनर बदलला की सिलिंडरचा व्यास बदलतो. व्हॅनगार्डमध्ये व्यास ८५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९२ मिलिमीटर होती. विद्यार्थ्यांकडून चार सिलिंडरांचे घनफळ काढून घ्यावे. ते २०८८ घनसेंटिमीटर येईल. स्पर्धांमध्ये दोन लिटरच्या आतला गट होता. त्यात बसण्यासाठी टीआर-२ मध्ये व्यास ८३ मिलिमीटर केला गेला. आता उत्तर येते १९९१ घनसेंटिमीटर. १९६१ च्या टीआर-४ मध्ये व्यास ८६ मिलिमीटर झाला आणि घनफळ २१३८ वर गेले. धाव मात्र तीच राहिली.

आता झिजेकडे वळू. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. सर्वांत जास्त झीज वरच्या टोकाजवळ, पिस्टनची पहिली रिंग जिथून माघारी वळते तिथे होते. झोपाळा टोकाला पोचला की क्षणभर थबकतो, तसाच पिस्टनही थबकतो. वेग असतो तेव्हा रिंग आणि भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकून राहतो. थबकताना तो तुटू पाहतो. नेमक्या त्याच वेळी जळणाऱ्या वायूंचा दाब आणि उष्णता सर्वाधिक असते. त्याहून वरच्या भागात रिंग कधीच पोचत नाही, म्हणून तिथे मूळचा व्यास टिकतो आणि बोटाला जाणवेल अशी कड तयार होते.

पण झीज म्हणजे केवळ घासणे, ही समजूत अपुरी होती. १९३० च्या दशकात ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्स या संस्थेच्या संशोधन विभागात सी. जी. विल्यम्स यांनी सिलिंडरच्या झिजेवर प्रयोग केले. भिंत थंड ठेवून इंजिन चालवले की झीज झपाट्याने वाढते, असे आढळले. कारण रासायनिक होते. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होते. भिंत तापलेली असेल तर ते वाफेच्या रूपात निघून जाते. थंड असेल तर भिंतीवर दव साचते. त्यात ज्वलनातून आलेले आम्लधर्मी वायू विरघळतात आणि धातू गंजू लागतो. तो गंज रिंग खरवडून नेते आणि खालचा ताजा धातू पुन्हा उघडा पडतो. म्हणूनच रोज दोन-तीन किलोमीटर धावून थांबणारी मोटार, लांब पल्ल्याच्या मोटारीपेक्षा कमी अंतरात जास्त झिजू शकते.

आता नाडीपरीक्षा. सगळे स्पार्क प्लग काढून, एकेका सिलिंडरला दाबमापक लावून इंजिन स्टार्टरने फिरवतात. समजा, एका सिलिंडरचा दाब कमी आला. गळती रिंगांजवळून आहे की झडपांमधून? अशा वेळी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा दाब मोजतात. तेल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते. दाब वाढला तर दोष रिंगा किंवा सिलिंडरचा. तसाच राहिला तर संशय झडपांवर. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम पडला असेल तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट फाटले असण्याची शक्यता मोठी. एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि फरक पाहायचा. प्रयोगशाळेत आपण मुलांना शिकवतो ती रीत हीच नव्हे का?

हेड उघडल्यावरची एक चाचणी तर थेट भूमितीची आहे. पिस्टनची रिंग एका जागी कापलेली असते. ती सिलिंडरच्या तळाशी, जिथे झीज जवळजवळ नसते, सरळ बसवून टोकांमधील फट फिलर गेजने मोजावी. मग तीच रिंग वर, झिजलेल्या जागी बसवून पुन्हा मोजावी. समजा, खाली फट ०.४ आणि वर १.० मिलिमीटर आली. फरक ०.६ मिलिमीटर. हा परिघातला फरक आहे, त्याला ३.१४ ने भागले की व्यासातला फरक सुमारे ०.१९ मिलिमीटर मिळतो. महागडे उपकरण नसले तरी काम अडत नाही.

दुरुस्तीत घाई नडते. केवळ रिंगा बदलल्या तर नवी, धारदार कोपऱ्याची रिंग त्या वरच्या कडेवर आदळून तुटू शकते. ब्लॉकमध्येच कोरलेला सिलिंडर असेल तर तो मोठा कापून मोठे पिस्टन घालावे लागतात, आणि असे किती वेळा करता येईल याला मर्यादा असते. टीआरच्या इंजिनात जुने लायनर काढून नवे लायनर-पिस्टन घालता येतात. आपल्याकडे शेतावरच्या डिझेल इंजिनाचे काम करणाऱ्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. पण येथेही शिस्त लागते. लायनर ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या वर ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर उठलेले हवेत, म्हणजे हेड आवळल्यावर ते खालच्या गॅस्केटवर घट्ट दाबले जातात. ते कमी उठले तर पाणी झिरपून तेलात उतरते. हेड काढलेले असताना, लायनर दाबून न धरता क्रँकशाफ्ट फिरवला तर लायनर जागचे हलतात आणि तळाची जोड सुटते.

१९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने घर्षण, झीज आणि वंगण यांच्या एकत्रित अभ्यासाला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव दिले. या ज्ञानाचा नीट वापर केला तर त्या देशाच्या उद्योगांचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा तिचा अंदाज होता. हे पैसे केवळ नव्या शोधांतून नव्हे, तर माहीत असलेले ज्ञान वापरण्यातून वाचणार होते.

ट्रायम्फच्या या जुन्या मोटारी आजही रस्त्यावर दिसतात. झीज होणारच हे गृहीत धरून झिजणारा भाग सुटा ठेवला गेला, हे त्यामागचे एक कारण. परंतु नवा लायनर घालणाऱ्याने जुना का झिजला हे विचारले नाही, तर नवाही त्याच वाटेने जाईल. दुरुस्तीची सुरुवात पान्याने नव्हे, प्रश्नाने होते, एवढे या इंजिनाच्या निमित्ताने वर्गात सांगता आले तरी पुष्कळ झाले.