रात्रीचा मुक्काम आणि हरवलेली वही

प्रवासी रात्री कुठे झोपला, याचा इतिहासाच्या साधनांशी काय संबंध? वाचकहो, आजचा धागा एका अठरा वर्षांच्या मुलाच्या दोन वह्यांविषयी आहे. एक वही मुक्कामाच्या ठिकाणी चोरीला गेली. दुसरी अशाच एका मुक्कामाने जपून ठेवली.

मुलाचे नाव पॅट्रिक ली फर्मर. शाळेने काढून टाकलेल्या या मुलाने डिसेंबर १९३३ मध्ये लंडन सोडले. बोटीने हॉलंड गाठायचे आणि तिथून पायी कॉन्स्टँटिनोपलला जायचे, असा त्याचा बेत होता. (शहराचे इस्तंबूल हे नाव तोवर अधिकृत झाले होते, पण त्याने जुने नाव कधी सोडले नाही.) खर्चासाठी आठवड्याला एक पौंड, तोही वाटेतल्या टपाल कार्यालयांत येऊन पडणारा. पाठीवरच्या पिशवीत कपडे, कवितांचे पुस्तक आणि रोजनिशी.

एवढ्या पैशांत हॉटेल परवडणारे नव्हते, आणि आपल्या दृष्टीने ते बरेच झाले. हॉलंडमध्ये गरीब वाटसरूला पोलीस ठाण्याच्या कोठडीत रात्र काढता येई. सकाळी कॉफी आणि पावही मिळे. जर्मनीत फिरत्या विद्यार्थ्यांसाठी जुनी रीत होती: नगराध्यक्षाकडून चिठ्ठी घ्यायची, ती गावातल्या खाणावळीत दाखवायची, की जेवण, बिअर आणि बिछान्याची सोय होई. ते नाही जमले, तर शेतकऱ्याचे कोठार होतेच.

हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. ऱ्हाईनकाठी एका कामगाराने फर्मरला आपल्या घरी झोपायला नेले. खोलीभर नाझी निशाणे आणि हिटलरची छायाचित्रे. वर्षभरापूर्वी याच भिंतींवर लाल निशाणे आणि लेनिन होता, हे त्या कामगारानेच त्याला सांगितले. जर्मनी कशी पालटली हे सांगताना हा प्रसंग आजही आवर्जून उद्धृत होतो. हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशाला ती खोली दिसली नसती.

मात्र हा प्रसंग आपण वाचतो तो १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ टाइम ऑफ गिफ्ट्स’ या पुस्तकात. त्या दिवसांची वही लेखकाजवळ उरलीच नव्हती.

जानेवारी १९३४ मध्ये तो म्युनिकच्या युवक वसतिगृहात उतरला. पिशवी तिथे ठेवून बिअर प्यायला गेला, इतकी प्याला की रात्र एका सुताराच्या घरी काढावी लागली. सकाळी परतला तर पिशवी गायब! पासपोर्ट, पैसे, रोजनिशी, सारेच गेले. कोठड्यांत आणि कोठारांत सुखरूप राहिलेली वही रीतसर वसतिगृहात गेली.

पासपोर्ट नवा मिळाला. म्युनिकजवळच्या एका बाल्टिक उमराव कुटुंबाने त्याला ठेवून घेतले आणि पुढच्या वाटेवरच्या स्नेह्यांना पत्रे लिहिली. त्या पत्रांनी मुक्काम बदलले: कोठारांबरोबर आता गढ्या आणि वाडेही आले. मध्य युरोपातील सरंजामी घराण्यांचे जे अखेरचे दिवस त्याच्या लेखनात दिसतात, त्यांचे मूळ या पत्रांत आहे.

ब्रातिस्लाव्हा येथे त्याने नवी, हिरव्या बांधणीची वही घेतली. तिच्यात रोजच्या नोंदींखेरीज रात्रीच्या मुक्कामांची यादी आणि हंगेरियन, बल्गेरियन, तुर्की अशा भाषांचे तुटपुंजे शब्दसंग्रह आहेत. संशोधकाला विचाराल, तर ती मुक्कामांची यादी सुंदर वर्णनांपेक्षा मोलाची; तिच्यावरून मार्ग ताडून पाहता येतो.

१९३५ उजाडता उजाडता तो कॉन्स्टँटिनोपलला पोहोचला. पुढे रोमानियात बालाशा कांताकुझेन या प्रेयसीच्या घरी राहिला. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सैन्यात जाण्यासाठी निघाला आणि वही तिथेच राहिली. १९४९ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने त्या कुटुंबाला घराबाहेर काढले. सामान बांधायला मिळाली जेमतेम पंधरा मिनिटे. बालाशाने जे उचलले त्यात ही वहीही होती. १९६५ मध्ये दोघे पुन्हा भेटले, तेव्हा तिने ती त्याच्या हाती ठेवली.

मग त्याचे लेखन कितपत विश्वसनीय? चरित्रकार आर्टेमिस कूपर यांनी दाखवले आहे की हंगेरीच्या मैदानातील घोड्यावरची रपेट त्याने वाढवून सांगितली आहे. माझ्या मते ऱ्हाईनकाठच्या खोलीचे वर्णन साक्ष म्हणून जरूर घ्यावे, पण चाळीस वर्षांनंतरची साक्ष म्हणून. १९३३ ची नोंद म्हणून नव्हे.

प्रवासाचा शेवटचा टप्पा त्याने वही परत मिळण्यापूर्वीच, साठच्या दशकाच्या आरंभी, आठवणीतून लिहून काढला होता. नंतर वही आणि मजकूर यांचा मेळ त्याला अखेरपर्यंत घालता आला नाही. २०११ मध्ये तो वारला. दोन वर्षांनी ‘द ब्रोकन रोड’ प्रसिद्ध झाले. त्यातील कथन कॉन्स्टँटिनोपलच्या अलीकडेच, वाक्याच्या मध्यावर तुटते. आणि त्यापुढे छापल्या आहेत हिरव्या वहीतल्या, वीस वर्षांच्या मुलाने त्या त्या दिवशी केलेल्या नोंदी.