शजरा आणि जनुकं

पेण-रोह्याकडे आमच्या घरांत कॅन्सरचं नाव दबक्या आवाजात घेतात. आईला स्तनाचा कॅन्सर आहे हे कळलं तर लेकीचं स्थळ मोडेल, ही धास्ती.

आजार घराण्यात उतरू शकतो, हे सांगणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत आपल्या डॉ. कमल रणदिवे होत्या. जन्म पुण्याचा, १९१७चा. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांवर स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. तेव्हा जनुक वाचण्याची सोयच नव्हती! १९९० साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर बोट ठेवलं, १९९४ला बीआरसीए-१ हे जनुक हाती आलं. पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती हे त्याचं काम. ते बिघडलं की कॅन्सरला वाट मिळते. पण याच अधूपणावर ओलापरिबसारखं औषध घाव घालतं: दुरुस्तीची उरलेली वाटही बंद करून कॅन्सरची पेशी मारतं.

खानोलकरांनी १९५२मध्ये उभारलेलं संशोधन केंद्र आज खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे. म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात.

आता स्थळाचं. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरातल्या नव्वदेक रुग्णांत तो वारशाने आलेला नसतो. बिघडलेलं जनुक असलंच तर ते प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. आणि ते बापाकडूनही येतं. तेव्हा मुलीच्या आईचा आजार विचारणाऱ्यांनी मुलाच्या फुफीचाही विचारावा. तपासणीआधी डॉक्टर शजराच मागतात: दोन्ही बाजूंनी कोणाला, कोणत्या वयात झाला. लपवलेली नावं त्यात येत नाहीत.