खिडकीवरचा कर, परसातला संडास

लंडन किंवा मँचेस्टरमधलं व्हिक्टोरियन काळातलं रांगेतलं घर कुणी आखलं, हे शोधायला जावं तर वास्तुरचनाकाराचं नाव सहसा हाती लागत नाही. हाती लागतात ते कायदे, कर आणि भाडेपट्टे. एकाला एक खेटून उभ्या असलेल्या या लाखो घरांचं कूळ मला तरी सरकारी दफ्तरातच सापडतं.

या घरांचा मूळ पुरुष व्हिक्टोरिया राणीच्या दोनशे वर्षं आधीचा. १६३० च्या दशकात बेडफर्डच्या अर्लने आपल्या कव्हेंट गार्डनच्या जमिनीवर इनिगो जोन्सकडून इटालियन धाटणीचा चौक आखून घेतला आणि त्याच्या कडेने एकसारख्या तोंडावळ्याची सलग घरं उठवली. ती श्रीमंती हौस होती. १६६६ च्या आगीत लाकडी लंडन जळालं, आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने घरांचे चार वर्ग ठरवून टाकले. बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या हव्यात, शेजाऱ्यांमधली सामाईक भिंत अमुक जाडीची हवी, असं सगळं कागदावर आलं. मोजमापं सरकारनेच दिल्यावर एकच घर पन्नास वेळा बांधणं सोपं झालं. ते ओळखलं निकोलस बार्बनने. हा शिक्षणाने डॉक्टर. पण त्याने रोग्यांची नाडी पाहायची सोडून जमिनी घेतल्या, तुकडे पाडले, रांगा उभ्या केल्या आणि वर आगीचा विमाही विकायला काढला.

पुढच्या दीडशे वर्षांत या घराचा चेहरा करांनी घडवला. १६९६ मध्ये खिडक्यांवर कर बसला, तेव्हा लोकांनी खिडक्या विटांनी चिणून घेतल्या. काचेवर वेगळा कर, विटेवर वेगळा. शिवाय १७०९ पासून लंडनमध्ये खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी पातळीपासून चार इंच आत बसवणं सक्तीचं होतं, आगीची ज्वाळा लाकडावरून पुढे सरकू नये म्हणून. जॉर्जियन घराच्या ज्या संयमाचं एवढं कौतुक होतं, त्यातला बराचसा हिस्सा या सक्तीचा आहे.

मग सहा वर्षांत तिन्ही कर गेले: काचेवरचा १८४५ मध्ये, विटेवरचा १८५० मध्ये, खिडकीवरचा १८५१ मध्ये. घराने जणू छाती पुढे काढली. बैठकीच्या खोलीला बाहेर झुकलेली तीन बाजूंची खिडकी आली. आधीच्या लहान लहान चौकोनी काचांच्या जागी मोठ्या अखंड काचा बसल्या. त्या जड असल्यामुळे वर-खाली सरकणाऱ्या झडपेच्या सांध्यावर भार येई. म्हणून झडपेच्या उभ्या पट्ट्या सांध्याच्या पुढे जराशा वाढवून त्यांना नक्षीदार वळण दिलं जाऊ लागलं. जुन्या घराच्या खिडकीत ही दोन लाकडी शिंगं दिसली, की ती झडप बहुधा व्हिक्टोरियन काळातली किंवा त्यानंतरची समजावी. झडप तोलून धरणारी वजनं चौकटीच्या पोकळ पेटीत दोरीला टांगलेली असतात. दोरी तुटली की वजन आत धाडकन पडतं.

रेल्वेने वेल्सच्या खाणींतली पातळ, हलकी स्लेट देशभर पोचवली आणि सगळीकडची छपरं करडी झाली. खांबांवरची कोरीव पानं, छताच्या मधोमध लावायचं प्लास्टरचं फूल, दाराशी अंथरायच्या रंगीत फरशा, हे सारं कारखान्यातून तयार येई. बिल्डर बहुधा छोटा, उसन्या पैशावर चार-सहा घरं बांधणारा. जमीन त्याची नव्हेच. कुणा उमरावाची किंवा संस्थेची, सहसा नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतलेली. मुदत संपली की घरासकट जमीन मूळ मालकाकडे परत. मग शंभराव्या वर्षाची काळजी बिल्डरने कशाला करावी? रस्त्याकडे उत्तम वीट, मागे साधी, असा हिशेब त्यामुळे सर्रास दिसतो.

खरी गोष्ट मात्र मागच्या बाजूलाच आहे. गिरण्यांच्या शहरांत पाठीला पाठ लावून घरं बांधत. तीन बाजूंना शेजारी आणि हवेला एकच बाजू. अनेक कुटुंबांत एक संडास, एक नळ. पटकीच्या साथींनी सरकारला जाग आणली. १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आणि १८७७ चे नमुना उपनियम आले. नवा गाडीरस्ता किमान ३६ फूट रुंद हवा, आणि प्रत्येक घरामागे किमान १५० चौरस फूट मोकळी जागा हवी. आज उत्तर इंग्लंडच्या गावोगावी ज्या एकसुरी सरळ रांगा दिसतात, त्या या नियमांच्या. कंटाळवाण्या म्हणून त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी आधीचे अंधारे चौक आठवावेत.

या परसात घर इंग्रजी 'एल'सारखं मागे वाढतं. पुढे बैठक, मग जेवणघर, आणि मागच्या अरुंद पाखात मोरी. तिथे दगडी कुंडी आणि कपडे उकळायचा, खाली जाळ घालायचा हंडा. त्यापलीकडे कोळशाची कोठी आणि परसाच्या भिंतीला टेकलेला संडास. भिंतीतलं दार मागच्या बोळात उघडे, म्हणजे मैला घरातून न्यावा लागत नसे. मुंबईकराला घरगल्ली म्हटलं की वेगळं सांगायला नको. बैठकीची खोली मात्र कामगारांच्या घरातही पाहुण्यांसाठी आणि रविवारसाठी राखलेली. रोजचं जगणं मागे, चुलीजवळ. किती खोल्यांत शेगडी होती हे छपरावरच्या धुराड्याच्या नळ्या मोजून बाहेरूनच साधारण कळतं.

पाठीला पाठ लावलेली नवी घरं १९०९ च्या कायद्याने बंद केली, तरी लीड्समध्ये ती १९३० च्या दशकापर्यंत बांधली जात होती. दुसऱ्या महायुद्धानंतर झोपडपट्टी निर्मूलनाच्या नावाखाली रांगाच्या रांगा पाडल्या. त्यातल्या काही चांगल्या होत्या, असं माझं मत आहे. लिव्हरपूलच्या ग्रॅन्बी भागात रहिवाशांनी उरलेल्या रांगा चिवटपणे धरून ठेवल्या, आणि तिथे काम करणाऱ्या 'असेम्बल' या गटाला २०१५ चा टर्नर पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने अशा रांगेतलं एक घर विकत घेतलं: उत्तर लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड. हा भाग ईटन कॉलेजच्या जमिनीवर वसला आणि रस्त्याला नाव मिळालं ते कॉलेजचा संस्थापक सहाव्या हेन्रीचं. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. आंबेडकर इथे राहत होते. घराचं स्मारक-संग्रहालय झालं, तेव्हा कॅम्डनच्या स्थानिक प्रशासनाने हरकत घेतली: राहत्या घराचा वापर बदलला, वस्तीतली एक राहती जागा कमी झाली. प्रकरण चौकशीपर्यंत गेलं. अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारातल्या मंत्र्यांनी संग्रहालयाला परवानगी दिली.