माकडताप

माकडताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणुजन्य आजार आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात तो प्रथम आढळला. पुढे गोव्यातील सत्तरी तालुक्यात व महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यातही त्याचे रुग्ण आढळले.

प्रसार

नाव माकडताप असले, तरी माणसाला लागण मुख्यतः गोचिडीमुळे होते. वानर व माकडेही या आजाराला बळी पडतात. माकड मेल्यावर त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरून परिसरात पसरतात. म्हणून जंगलात माकड मरून पडणे ही धोक्याची सूचना मानली जाते. डिसेंबर ते मे या काळात काजूबागेत किंवा सरपणासाठी रानात जाणाऱ्यांना धोका अधिक असतो. माणसाकडून माणसाला लागण होत नाही.

लक्षणे

चाव्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून तीव्र ताप येतो. डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या आणि काहींत नाक-हिरड्यांतून रक्तस्राव होतो. काही रुग्णांत ताप उतरल्यानंतर १ ते २ आठवड्यांनी तो पुन्हा उलटतो. तेव्हा मान ताठरणे, कंप, भ्रम ही लक्षणे दिसतात. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के आहे. विशिष्ट औषध उपलब्ध नसल्याने रानात गेल्याची माहिती डॉक्टरांना देऊन रक्ततपासणी लवकर करणे महत्त्वाचे ठरते.

प्रतिबंध

* रानात जाताना अंगभर कपडे घालावेत. उघड्या त्वचेला गोचीडरोधक तेल लावावे.
* परतल्यावर गरम पाण्याने स्नान करावे व कपडे गरम पाण्यात धुवावेत.
* चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून काढावी. ती चिरडू नये.
* मृत माकडाला हात न लावता आरोग्य केंद्रास किंवा वनखात्यास कळवावे.